दारावरची पोथी

परवा पडेगावला पुतन्याकडं गेलतो. जेवनं झाली, पोरीसोरी टीव्हीपुढं बसल्या, म्हनून मी बी भिताडाला टेकून बसलो. इंग्रजी पिच्चर व्हता, पन मानसं हिंदीत बोलत व्हती. समिंदराच्या काठाला, कड्यावर, भला मोठा दगडी बंगला. दिवस मावळला की त्याचं दार वाजतंय. ठक. ठक. मी सावरून बसलो. म्हनलं, "आरं, ही तर आपली दारावरची पोथी!"

पुतन्याची बायको हसली. "तात्या, पोथी कुठली? लई जुनी इंग्रजी कादंबरी हाय म्हनं, तिच्यावर काढलाय. भुताचा हाय."

"असंल," म्हनलं आन बघत बसलो. मग दार उघडलं. आत आलं कोन? तर ही येवढाली नखं, दात भायेर, डोळ्यांत चुन्याच्या गोळ्या बसवल्यावानी. पोरी किंचाळून एकमेकीला चिकटल्या. आन बंगल्यात राहनाऱ्या बाईचा दुसरा नवरा, त्याला केलता हिरो! हातात बंदूक घेऊन भुताच्या मागं पळतोय. शेवटाला भूत जाळलं, हिरोनं बाईला मिठी मारली, पिच्चर खतम.

मी म्हनलं, "यांनी नखं भलत्यालाच लावली की!"

कुनाला काय कळलं नाय. कळायचं बी कसं? ती पोथी ज्याच्या काळजाला जाऊन लागली असा मानूस मी एकच बघितला. माझा दाजी, त्रिंबकदाजी. तो त्या भुताला भ्याला नाय. भुतावर जळला.

पोलीस ॲक्शन होऊन पाच-सात वर्सं झाली असतील. निजाम गेला, रझाकार गेले, मराठी शाळा आल्या. आमची वाडी पिशोरच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या बुडाला. सगळी मेंढरंवाली मानसं. वाचाय येनारा एकटा पुंजाराम. तो बी मौलवीसाबाकडं उर्दू शिकलेला, मराठी अक्षरं मागून गिरवलेली. त्याला मराठी वाचता यायचं ते फकस्त पोथीच्या चालीवर. चाल सुटली की गडी अडला. देवी टोचायची सरकारी नोटीस आलती, ती बी त्यानं ओवीवानी म्हनली. सरूबाई म्हातारीनं हात जोडले आन शेवटाला नारळ कुठं फोडायचा म्हनून इचारलं.

पन पोथीला नुसता वाचनारा असून भागत नाय. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. आन अर्थ सांगावा तर त्रिंबकदाजीनं. अक्षरशत्रू मानूस, पन जीभ अशी की पुंजारामानं एक ओळ म्हनावी आन दाजीनं तिची भाकर, कोरड्यास, चटनी सगळं ताटात वाढावं. रामाचा वनवास सांगायला लागला की मेंढक्याला वाटायचं, राम आपल्याच वाड्यातून मेंढरं घेऊन निघालाय. पिशोरच्या बाजारात लोक त्याला 'या अर्थवाले' म्हनून हाक मारायचे. ते ऐकलं की दाजीच्या मिशा आपोआप वर व्हायच्या.

आता दाजीचं दुखनं सांगतो.

माझी बहीन म्हाळसा, आम्ही तिला अक्का म्हनायचो, तिचा दाजीसंगं पाट लागलेला. म्हंजे दुसरं लगीन. पहिला नवरा सांडू, तो पटकीच्या साथीत गेला. संसार म्हनावा येवढा बी झाला नव्हता. आमच्यात पाट लागला की पहिल्या नवऱ्याचा चांदीचा टाक करून नव्या घरच्या देव्हाऱ्यात बसवत्यात. नखायेवढा चांदीचा पत्रा, त्याच्यावर घोड्यावर बसलेला मानूस. त्याला पूजलं म्हंजे तो त्रास देत नाय, असा रिवाज. सनावाराला पुरनाची पोळी झाली की पहिला घास त्या टाकापुढं, मग दाजीचं ताट.

बाकी समद्या बाबतीत दाजी दिलदार. पन त्या घासावर त्याची नजर अशी असायची, जशी मेंढराची दुसऱ्याच्या रानावर.

"मुंजाबा," मला म्हनायचा, "मेंढरं म्या राखायची. लांडग्याच्या मागं म्या पळायचं. तुझ्या अक्काला लुगडं म्या आनायचं. आन पहिला घास त्याला? तो काय करतो रं? बसून राहतो घोड्यावर!"

"दाजी, मेलेल्या मानसावर काय जळायचं?"

"जित्यावर जळलं तर निदान दोन दनके घालता येत्यात. याला काय घालू? आन मेल्याचं कसं बरं असतं बघ. त्याला खोकला नाय. त्याला टक्कल पडत नाय. त्याच्या हातून कधी दुधाचा हंडा लवंडत नाय. मी म्हातारा व्हनार, आन तो तसाच कवळा!"

मी हसायचो. अक्का हसायची नाय. ती लोकर कातत बसायची आन सूत तुटू द्यायची नाय.

त्या साली श्रावनात पोथी झाली, समाप्ती झाली, तरी पाऊस हटंना. मेंढरं वाड्यात, मानसं घरात. औरंगाबादेहून समाजशिक्षनवाल्यांनी पुस्तकांची पेटी पिशोरला धाडली व्हती. पुंजाराम जाऊन त्यातलं सगळ्यात जाड पुस्तक घेऊन आला. जाड म्हंजे पुन्य जास्त, असा त्याचा हिशेब. वरचा पुठ्ठा फाटलेला, नाव-गाव कायच नाय. सरूबाईनं ते तांबड्या फडक्यात बांधलं, मारुतीच्या देवळात पाटावर ठिवलं, हळदकुंकू वाह्यलं. बायका एका अंगाला, गडी एका अंगाला. पुंजारामानं डोळे मिटून नमस्कार केला आन चाल लावली:

"समुद्राच्या लाटाऽ कड्यावरी आपटत होत्याऽ, आणि त्या घरातऽ एकही दिवाऽ नव्हता होऽऽ..."

लोकांनी माना डोलवल्या. दाजीनं उपरनं सावरलं, सांगितलं, "म्हंजे मंडळी, घर मोठं हाय, पन घरात सुख नाय. दिवा नाय म्हंजे काय? घरधनी नाय!" वा वा झाली. अशी ती पोथी चालू झाली.

पोथीतली नावं काय पुंजारामाच्या जिभंवर बसंनात. म्हनून आम्ही आमची नावं दिली. बाईसाहेब. तिचा पहिला नवरा, थोरला साहेब, तो समिंदरात बुडून मेलेला. दुसरा, धाकला साहेब, तिच्यासंगं त्याच घरात राहनारा. थोरला बुडाला त्या दिवसापास्नं रोज दिवस मावळताना दारात येतो. दार वाजवतो. उंबऱ्यावर खाऱ्या पान्याचं थारोळं. पन त्याला एक अट हाय. घरातून कुनी त्याला नावानं हाक मारली तरच आत येता येतं. नायतर उभं राहायचं, वाजवायचं, उजाडायच्या आत परत पान्यात.

पुंजारामानं हे वाचलं आन बायकांत एकच हळहळ.

"अगं माय!" सरूबाई म्हनली. "बायको हाय ती त्याची! नावानं हाक कशी मारील? जीभ उचलंल का?"

"उखान्यात घ्यायचं," दुसरी कोनतरी म्हनली.

"दारात भूत उभं असताना उखाना सुचतो व्हय गं?"

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाय. मरेस्तोवर घेत नाय, मेल्यावर तर नायच. त्यामुळं त्या इंग्रजानं काय मनात धरून ही अट लिव्हली असंल ती असू दे, आमच्या देवळात त्याचा अर्थ असा लागला की बाई लई मर्यादशील हाय, आन तिच्या मर्यादंपायी नवरा दारात भिजतोय. आन सरूबाईनं तर मूळच सापडवलं: "टाक नसंल केला मेलीनं! टाक केला असता तर असा दारोदार हिंडला असता का तो?"

सगळ्यांना पटलं. भूत नाय, बिनटाकाचा नवरा. तितपत ठीक व्हतं.

पन दाजीनं त्या वक्ताला बायकांच्या अंगाला बघितलं. अक्का खांबाला टेकून बसली व्हती. लोकरीची चाती हातात थांबलेली. आन डोळ्यांतून पानी, आवाज नाय काय नाय, नुसतं पानी.

तो सांडू गेला तव्हा अक्का रडली नव्हती म्हनत्यात. दाजीच्या घरी आली तव्हा बी नाय. आन आज, पुस्तकातल्या एका बुडून मेलेल्या गोऱ्या सायबासाठी रडतीया!

तिथंच दाजीच्या पोटात इंगळ पडला.

दुसऱ्या दिवशी पुंजारामानं म्हनलं, "तोऽ दारात उभा होताऽ, त्याच्या केसांतूनऽ पाणी निथळत होतेऽ, आणि तो काहीच बोलत नव्हता होऽऽ."

दाजी गुडघ्यावर आला. "ऐका मंडळी! पानी म्हनलंय, पन पानी नव्हं ते. रगत! आन बोलत का नाय? तोंडात दात मावत नव्हते म्हनून!"

गडी पुढं सरकले. पोरी आयांच्या कुशीत शिरल्या. पुंजारामानं पुस्तकात डोकं घालून बघितलं, दात कुठं दिसले नायत, पन पोथीत वाचनाऱ्यानं अर्थवाल्याला टोकायचं नसतं.

मग काय इचारता! रोज दाजीनं थोरल्या सायबाला काय तरी नवीन लावायचं. एक दिवस नखं, एक दिवस उलटे पाय. पोथीत तो नुसता दार वाजवायचा. दाजीच्या अर्थात तो गावातली कोकरं खायचा. आन धाकला साहेब? तो दाजीच्या तोंडून असा निघायचा की वाघच. कष्टाळू, घरासाठी झटनारा, बायकोला जपनारा. "अशा मानसाची कदर नाय," दाजी म्हनायचा, आन नजर जायची खांबाकडं.

लोकांना हे लई भावलं. बिनटाकाच्या नवऱ्याची कीव दोन दिवस येते, भुताचं भ्या रोज ताजं. पिशोरच्या अलीकडच्या वाड्यांवरनं मानसं यायला लागली. देवळात बसायला जागा नाय, पोरं भायेरच्या लिंबाच्या झाडावर. मानसं दाजीला हात लावून नमस्कार करायची. दाजीची कीर्ती कधी नव्हती येवढी वाढली, आन दाजी कधी नव्हता येवढा वाळला.

एक दिवस मी त्यांच्या घरी व्हतो. अक्का भाकरी थापत व्हती. थापता थापताच म्हनली, "आवो, पुंजारामभाऊ वाचतो ते येगळं आन तुम्ही सांगता ते येगळं."

"तुला पोथीतलं काय कळतं?"

"कान हायेत मला."

"मग कानाला काय ऐकू आलं?"

"त्यो कुनाला चावत नाय. कुनाला धरत नाय. नुसता दारात उभा राहतो बिचारा."

"बिचारा!" दाजी ओरडला. "बघ मुंजाबा, बिचारा म्हनती! मी पावसात मेंढरं घेऊन आलो, परवाच्याला, नखशिखांत भिजून. मला म्हनली का कधी बिचारा? मला म्हनली, पाय धुवून आत या, चिखल करू नका!"

"चिखल केलताच तुम्ही," अक्का म्हनली.

"आन तो उंबऱ्यावर रोज थारोळं करतो ते चालतं?"

मला हसू आवरंना. पन दाजी हसत नव्हता. तो तिच्यापुढं उकिडवा बसला आन हळूच म्हनला, "म्हाळसा, खरं सांग. तू असतीस त्या बाईच्या जागी, तर हाक मारली असतीस?"

अक्कानं भाकर तव्यावर टाकली. पानी फिरवलं. भाकर फुगली, उलटली, आरावर गेली.

कसली बी शिवी दिली असती तरी दाजीला चाललं असतं. ती गप बसली, ते त्याला झोंबलं. भाकर तशीच ठिवून उठला.

देवळात जाऊन पुंजारामाला म्हनला, "बंद कर ती पोथी. पुस्तक परत धाडून दे."

सरूबाई तिथंच वाती वळत बसली व्हती. "आसं कसं? पोथी अर्धी ठेवत्यात का कुठं? गावाला दोष लागतो. पितरपंधरवडा लागायच्या आत समाप्ती झालीच पायजे."

"ती पोथी नाय म्हातारे, कसलंबी पुस्तक हाय."

"हळदकुंकू वाह्यलंय म्या तिला," सरूबाई म्हनली. "आता ती पोथीच."

इथं दाजीचं काय चालनार? स्वतःच लोकांना येड लावलेलं.

मग आल्या महालक्ष्म्या. घरोघर पुरन शिजलं. मी जेवायला अक्काकडंच. अक्कानं देव्हाऱ्यापुढं पान मांडलं, पोळीचा घास मोडला, तुपात बुडवला आन टाकापुढं ठिवला. दर सनासारखाच. पन दाजी त्या दिवशी त्या घासाकडं असा बघत बसला, जसं काय घास मोजतोय, तूप जोखतोय. त्याचं ताट आलं. पोळी गरम व्हती, तूप तेवढंच व्हतं. जास्तच असंल. दाजी हात धुवून उठला, न जेवता.

सकाळी देव्हाऱ्यात टाक नव्हता.

खंडोबा हाय, म्हसोबा हाय, घोड्यावरचा सांडू नाय. मी बघितलं, अक्कानं बघितलं. दाजी भायेर मेंढरांचे खूर बघत बसलेला, पाठ आमच्याकडं. त्याच्या कंबरंला धोतराच्या सोग्यात एक बारकी गाठ. त्या गाठीवर त्याचा हात राहून राहून जायचा. नदीच्या डोहात टाकायचा बेत व्हता, मला मागून कळलं. दोनदा काठापोतर जाऊन बी आला. दोन्ही वक्ताला परत आला ती गाठ कंबरंला घेऊनच.

मला वाटलं, आता अक्का फुटंल. भांडंल, आमच्या आईकडं निघून जाईल. तिनं नुसता देव्हारा पुसला. दुपारी शिळी पोळी उरली व्हती, तिचा घास मोडला, तुपात बुडवला आन जिथं टाक असायचा त्या मोकळ्या जागंवर ठिवला. दुसऱ्या दिवशी भाकरीचा. तिसऱ्या दिवशी बी. आधी फकस्त सनालाच ठेवायची. आता रोज.

दाजी ते बघायचा आन आपलं ताट मागं सारायचा. टाक व्हता तव्हा निदान नखायेवढा तरी व्हता तो. आता त्या मोकळ्या जागंयेवढा झाला.

समाप्तीच्या दिवशी देऊळ असं भरलं की मारुतीला श्वास घ्यायला जागा नाय. नारळ आनले, अर्थवाल्याला बांधायचा फेटा ताटात ठिवला. गुलाबी रंगाचा. भायेर झड लागलेली. अक्का नेहमीच्या खांबाला.

पुंजारामानं चाल लावली. वादळ आलं. समिंदर कड्यावर चढाय लागला. थोरला साहेब दारात, ठक ठक. बाईसाहेब आतून दाराशी आली. तिच्या व्हटावर नाव आलं. येवढं वाचलं आन पुंजारामाची चाल सुटली. पहिल्यांदा गडी नुसता वाचाय लागला, एकेक अक्षर, उंबऱ्यावर ठेचकाळल्यावानी.

"पण ती हाक मारील या भीतीने धाकट्या साहेबांनी... त्या सकाळीच बाहेरून... दाराला खिळे ठोकले होते. खिडक्यांनाही ठोकले होते. पाणी खालच्या मजल्यात शिरले तेव्हा... आतून ती दार वाजवत होती, आणि बाहेरून तो. रात्रभर... एकाच दारावर दोन बाजूंनी ठोके पडत होते. पहाटे आतले ठोके थांबले."

पुंजाराम थांबला. आता अर्थ.

समद्यांच्या माना दाजीकडं वळल्या. दाजी खाली बघत बसलेला.

"सांग की त्रिंबक," सरूबाई म्हनली. "भूत शिरलं असंल ना धाकल्याच्या अंगात? त्याशिवाय असं करील व्हय तो? भला मानूस!"

"व्हय व्हय," गडी म्हनले. "भुतानंच ठोकून घेतले खिळे!"

तयार अर्थ व्हता. नुसती मान हालवायची व्हती, फेटा डोक्यावर आलाच असता. मी दाजीच्या शेजारी बसलेलो. त्याचा हात कंबरंच्या गाठीवर गेला आन तिथंच राहिला.

"नाय," दाजी म्हनला.

"काय नाय?"

"भूत नाय शिरलं. खिळे त्यानंच ठोकले. चांगला शुद्धीत व्हता."

गलका उठला. "आन मग भूत? भुतानं काय केलं?"

"काय नाय. दार वाजवलं."

"आन रगत? नखं? कोकरं खाल्ली ती?"

"ती म्या लावली," दाजी म्हनला. "पोथीत नव्हती. पोथीत एक बुडालेला मानूस दारात उभा व्हता, आन एक जिता मानूस घरात जळत व्हता. भ्यायचं व्हतं ते घरातल्याला. तुमाला म्या भलतीकडं भ्यायला लावलं."

मला वाटलं, आता लोक गप बसतील, डोळे पुसतील. कुठलं काय! पलीकडच्या वाडीचा एक गडी उठून म्हनला, "आम्ही काय येवढा चिखल तुडवत एका सायबानं खिळे ठोकले ते ऐकायला आलो?" सरूबाई म्हनली, "आज त्रिंबकची तब्येत बरी नाय. अर्थ चुकला." आन तो गुलाबी फेटा पुंजारामाला बांधला. नारळ फुटले, लोक घरी गेले, जाताना नखांचंच बोलत गेले. आज बी आमच्या वाडीवर जाऊन इचारा. म्हातारी मानसं तुमाला कोकरं खानाऱ्या सायबाची गोष्ट सांगतील. दाजीचा खरा अर्थ त्या दिवशी देवळात आला आन देवळातच राहिला. पुढल्या श्रावनापास्नं अर्थ सांगायला दुसरा मानूस बसवला.

अक्का दाजीचा अर्थ ऐकून कव्हाच उठून गेली व्हती, दिवाबत्तीची येळ म्हनून.

दाजी आन मी निघालो. दाजीनं घोंगडं डोक्यावर घेतलंच नाय. घरी पोचलो तर दार लागलेलं. आमच्याकडं त्या येळंला कुनी दार लावत नाय. दाजी उंबऱ्याशी थांबला. केसांतून, मिशांतून पानी गळत व्हतं, पायाखाली थारोळं. मी मागं नारळाची खांडं घेऊन उभा. सांगतो तुमाला, हुबेहूब तो थोरला साहेब.

दाजीनं दार वाजवलं. ठक. ठक.

आतून काय नाय. चुलीवर काय तरी रटरटत व्हतं, तेवढंच.

परत वाजवलं.

"कोन हाय?" अक्काचा आवाज.

"मी."

"मी कोन?"

पाच गावांना अर्थ सांगनारा मानूस, त्याला स्वतःचं नाव घेता येईना. कंबरंची गाठ सोडून टाक त्यानं तळहातावर घेतला, दारापुढं धरला, जसं काय ती लाकडातून बघनार हाय.

"दोघं हावोत," म्हनला. "तो बी हाय माझ्यासंगं. उघड."

आत चुलीपुढचं भांडं उतरवल्याचा आवाज आला. मग अक्का दाराशी आल्यासारखी वाटली. आन मी माझ्या कानानं ऐकलं, माझ्या बहिनीच्या तोंडून, जे नाव तिनं लग्नात उखान्यात बी लाजून अर्धंच घेतलं व्हतं.

"त्रिंबक," ती म्हनली. "दार ढकला. नुसतं लोटलंय. खिळे नाय ठोकले म्या."

दाजीनं दार ढकललं. उघडंच व्हतं.

आत जाऊन त्यानं टाक व्हता तिथं बसवला, आपल्या वल्ल्या उपरन्यानं पुसला. अक्कानं पान मांडलं. पहिला घास टाकापुढं. मग दाजीचं ताट. दाजी मुकाट्यानं जेवाय बसला. मला वाटलं, चला, सुटला मानूस.

अर्धी भाकर झाली आसंल. दाजीनं मान वर केली.

"म्हाळसा."

"काय?"

"मला हाक मारलीस ना. नावानं."

"मारली."

"त्याला मारली व्हतीस का कधी?"

अक्कानं त्याच्या ताटात कोरड्यास वाढलं. "जेवा गुमान," म्हनली.

पुढं ती दोघं लई वर्सं राहिली. दर महालक्ष्म्यांना पहिला घास टाकापुढं गेला की दाजी तोच सवाल इचारायचा. केस पांढरे झाले, टक्कल पडलं, खोकला लागला, तरी इचारायचा. अक्का दर वर्साला तेच सांगायची, जेवा गुमान. पन त्या दिवसापास्नं घरात पानी आनायचं असो, मेंढरू सुटलेलं असो, आख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी ती दाजीला नावानं हाक मारायची. बायका तोंडाला पदर लावायच्या. आन दाजी पहिल्या हाकंला कधी ओ द्यायचा नाय. दुसरी ऐकायला थांबायचा.